युसूफ पेंटर आणि नावेचा तळ

केज तालुक्यात उसाच्या ट्रॉलीमागं अडकून पडलेल्या माणसाला वाचायला काहीतरी हमखास मिळतं. मागच्या फळीवर समोरासमोर दोन मोर, मधोमध मालकाच्या लेकरांची नावं आणि खाली उजव्या कोपऱ्यात, नंबरापेक्षाही ठसठशीत, ‘युसूफ पेंटर, केज’. मालकाचं नाव कधी पावसानं उडतं, मोरांची पिसंही झडतात, पण पेंटरचं नाव काही जात नाही. त्या कोपऱ्यात तो रंगाचा एक हात जास्त देतो, असं लोक म्हणतात, आणि लोकांचं खरं आहे.

आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. मग शाळांच्या भिंती, मग टँकर, मग ट्रॉल्या. आता ट्रॉल्यांवरही पोरं आयती स्टिकरं चिकटवतात. युसूफ साठीच्या पुढं गेला, तरी सकाळी अंघोळ करून, दाढीला मेंदीचा हात फिरवून, ब्रशांची पिशवी घेऊन स्टँडच्या बाजूला जाऊन बसतोच. काम असलं तर काम, नसलं तर चहा. त्याची बायको हमीदा म्हणते, हा माणूस चहा प्यायला एवढा नटून जातो.

उन्हाळ्यात एके दिवशी मेंढपाळ म्हाळू त्याला शोधत आला. मांजरा धरणाच्या फुगवट्याकाठी त्याची वस्ती. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, भर मे महिन्यात. नाव रंगवायची आहे म्हणाला. युसूफनं विचारलं, कुणाचं नाव? म्हाळू म्हणाला, कुणाचं नाही, पाण्यातली, शिडाची.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला असा प्रश्न पडला तर त्यात त्याची चूक नाही. इथं पाणी बघायचं तर लोक आधी टँकरची वाट बघतात. पण म्हाळूची नाव खरी होती. धरण झालं तेव्हा वस्ती एका काठाला आणि चराऊ गायरान दुसऱ्या काठाला पडलं. म्हाळूनं नाथा भोयाकडून बाभळीच्या फळ्यांची एक नाव घेतली, वारा कसा धरायचा तेही त्याच्याकडूनच शिकला, आणि चार-चार मेंढरं घेऊन खेपा करायला लागला. शीड म्हणजे निळी ताडपत्री, बायडाबाईनं, त्याच्या बायकोनं, गोधडीसारखे टाके घालून शिवलेली. धनगराच्या घरात शिडाची नाव म्हणून सगळा तालुका हसला होता, म्हाळू मात्र हसला नाही, मेंढरंही नाहीत.

पुढं एकुलती एक लेक, शिवकन्या, समोरच्याच काठावर दिली. वस्तीवरून तिचं घर दिसतं, दोरीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसतं. रस्त्यानं जायचं म्हटलं तर धरणाला सगळा वळसा घालून, जीप बदलत, दिवस जातो. गेली दोन वर्षं पाऊसच झाला नाही. धरण आटलं, तळाला भेगा पडल्या आणि शिवकन्या नागपंचमीला भेगांवरून चालत माहेरी आली. दुष्काळात सगळ्यांचं वाईट होतं, पण बायडाबाईची लेक तेवढी जवळ आली होती. या साली पाऊस चांगला सांगितला होता आणि शिवकन्येच्या मांडीवर आता तान्हं लेकरू होतं. तिला भाऊ नाही. पंचमीला लेकीला आणायला जाणारा मुराळी म्हणजे तिचा बापच, आणि बापाची नाव दोन वर्षं कोंबड्यांचं खुराडं होऊन पालथी पडलेली. नाथा दर साली तळ करून द्यायचा, तो वारला. म्हणून म्हाळू ट्रॉलीवरचं नाव वाचून केजला आला होता.

युसूफ वस्तीवर गेला. नाव लिंबाखाली पालथी होती. जुन्या डांबराचे पोपडे, वाळलेलं शेवाळ, मधेमधे चिकटून मेलेले बारके शिंपले आणि फळ्याफळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी. त्यानं पत्र्यानं खरवडायला घेतलं. शिंपले उडाले, शेवाळाची धूळ नाकातोंडात गेली, खाली बाभळीचं लालसर लाकूड निघालं. काचकागद मारून त्यानं ते असं गुळगुळीत केलं की म्हाळू दोनदा हात फिरवून गेला. मग फटी.

बायडाबाई तोवर शेळ्यांचं बघत होती, ती पदर खोचत जवळ आली. नाथा फटीत काय भरायचा ते तिनं सांगितलं. मेंढीची लोकर, राळ घालून कढवलेल्या तेलात भिजवलेली, लाकडी खुंटीनं ठोकून ठोकून बसवलेली. पोतंभर लोकर घरात पडून होती.

युसूफला हसू आलं. “बाई, नाव हाय का उशी?” तो म्हणाला.

पेंटरचा स्वभावच तसा. त्याच्या हातातल्या कामाला दुसऱ्यानं वाट दाखवली की त्याला थट्टा सुचते. त्यानं पिशवीतून लांबीचा डबा काढला. लांबी म्हणजे पुट्टी, ट्रॉलीच्या पत्र्याला पडलेले खळगे बुजवायची. वाळली की दगड. तिनं त्यानं एकूणएक फट भरली, घासली, वर लाल प्रायमर, त्यावर गर्द हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात. आता हे सगळं पाण्याखाली जाणार, कुणाला दिसणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी राहवलं नाही. मोर पाण्यात शोभणार नाहीत म्हणून त्यानं दोन पिवळे मासे समोरासमोर काढले आणि उजव्या कोपऱ्यात सही ठोकली. म्हाळू तर इतका हरखला की रंगाला ऊनपाऊस लागू नये म्हणून त्यानं नावेवर ताडपत्री झाकली. बायडाबाई मासे बघून हसली, लोकरीचं परत काही बोलली नाही.

निघताना चहा पिता पिता म्हाळूनं नाथाचा शिरस्ता सांगितला. ज्याच्या हातानं तळ झाला, त्यानं पहिल्या खेपेला नावेत बसायचं. नाथा दर साली बसायचा. तेव्हा पंचमीला पेंटरनं यायचं, लेकीला मिळूनच आणू.

युसूफनं कप खाली ठेवला. तो कधी नावेत बसला नव्हता. लहानपणी पोहायला शिकवतो म्हणून चुलत्यानं त्याला विहिरीत टाकलं होतं आणि बाहेर काढायला जरा उशीर केला होता. तेव्हापासून विहीर दिसली की तो बाजू बदलून चालतो. हे अख्ख्या केजात फक्त हमीदाला माहीत. बघू, येतो, इन्शाल्ला, असं म्हणून तो उठला. आणि पुढं श्रावण लागताच बाजाराला आलेल्या एकाजवळ त्यानं निरोप दिला की गुडघे धरलेत, पंचमीला जमायचं नाही. गुडघे चांगले होते.

पंचमीच्या दिवशी सकाळी तो आरशापुढं दाढी विंचरत होता. यंदा पाऊस मृगापासूनच चांगला झाला होता, धरण भरलं होतं, आणि आता आठवडाभर झिमझिम लागलेली. हमीदा मागचं दार ओढत होती आणि दार हलत नव्हतं. शेवटी धाडकन उघडलं तेव्हा तिच्या पायाशी काहीतरी पडलं.

“दरवाजा फिर अटक्या,” ती म्हणाली. “और ये देखो, तुम्हारी लांबी गिर्री.”

युसूफनं ते उचललं. हातभर लांब, दगडासारखी टणक, अखंड पट्टी. नावेचं काम झाल्यावर डब्यात उरलेली लांबी त्यानं उन्हाळ्यात या दाराच्या फटीत भरली होती. आता पावसानं लाकूड फुगलं होतं. लांबी काही फुगत नाही, दबतही नाही. दोघांना एका फटीत जागा पुरेना, तेव्हा लाकडानं तिला बाहेर ढकललं होतं.

तो उंबऱ्यावर बसला. पत्र्यावर आयुष्य घातलेला माणूस, पत्रा पाणी पीत नाही. लाकूड पितं, आणि दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड तर किती पिईल. वर ताडपत्री घालून म्हाळूनं ते आणखी कोरडं ठेवलेलं. आज पाण्यात उतरल्यावर ते फुगणार. लांबी सुटणार. कदाचित जाताना नाही, पण येताना, लेकरू घेऊन, भर पाण्यात.

खरं सांगायचं तर तो लगेच उठला नाही. त्याला भीती वाटली आणि दोन्हीकडून वाटली. गेलं नाही तर काय होईल याची, आणि गेलं तर नावेत बसावं लागेल याची. नाही गेला तरी कुणी काही म्हणणार नव्हतं, गुडघ्यांचा निरोप गेलेलाच होता. त्यानं म्हाळूला फोन लावला. काठाच्या त्या खोलगटात फोन कधी लागतो? पुन्हा लावला. मग हमीदाला सगळं सांगितलं. ती उठली. आत गेली, जवसाच्या तेलाचा त्याचा डबा आणला आणि त्याच्या पिशवीत ठेवला.

फाट्यापर्यंत जीप मिळाली. पुढं चिखलातून तो असा सुटला की गुडघे खरंच दुखायला लागले.

नाव पाण्यात होती. सकाळीच उतरवून काठाला बांधलेली. शीड गुंडाळून ठेवलेलं, बायडाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. समोरच्या काठावर हिरव्या लुगड्याचा एक ठिपका दिसत होता. म्हाळूनं युसूफला बघितलं आणि त्याचं तोंड फुललं. पेंटर आलाच, म्हणाला, आणि बघा म्हणाला, सकाळपासून आत एक थेंब नाही.

“म्हाळूबा, नाव वर घ्या,” युसूफ म्हणाला.

“कावून?”

“माझं काम चुकलंय. ती लांबी टिकायची न्हाई. लाकूड फुगलं की ती निघती, अन फट उघडी पडती.”

म्हाळूला आधी कळेना, मग कळलं, आणि मग तो लई तापला. उन्हाळ्यात का नाही बोललास, दोन महिने नाव तशीच पडून होती. तिकडं लेक सकाळपासून लेकरू घेऊन उभी आहे. आत तर कोरडंठाक आहे. वारा चांगला आहे, आत्ता जातो आणि आत्ता आणतो, तुझी ती लांबी उद्या बघू. तो दोरी सोडायला वाकला. युसूफ धावत जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि नावेची नाळ, तिचं पुढचं टोक, दोन्ही हातांनी धरून राहिला. पाण्याला भिणारा माणूस पाण्यात उभा होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

बायडाबाईनं ताट खाली ठेवलं. ती पाण्यात उतरली, वाकून पाण्याखालून फळीवर हात फिरवत गेली, कुठंतरी नख लावलं आणि हात बाहेर काढला. बोटात हिरव्या रंगाचं एक सालपट होतं, मागं पांढरी लांबी. तिनं ते नवऱ्यापुढं धरलं.

“घ्या वर,” ती म्हणाली.

वस्तीवरच्या बाप्यांनी मिळून नाव ओढली, पालथी केली. काही फटींतली लांबी आत्ताच सैल झाली होती, काही अजून घट्ट होती. युसूफनं पिशवीतून खरवडायचा पत्रा काढला, तर बायडाबाईनं हात आडवा धरला.

“आज लोखंड न्हाई लावायचं, भाऊ.”

पंचमीला चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत, खरवडत नाहीत. चुलीवर तवा ठेवत नाहीत. इतका वेळ चिडलेल्या म्हाळूनंही इथं मान हलवली, कारण हे त्यालाही मान्य होतं. युसूफनं पत्रा निमूट पिशवीत ठेवला. रमजानात स्टँडवरची माणसं त्याच्यासमोर कधी चहा पीत नसत, आडोशाला जाऊन प्यायची. हे न बोलता चालत आलेलं होतं.

मग लोखंडावाचून जे जे सुचलं ते आलं. एडक्याचं जुनं शिंग, बाभळीच्या खुंट्या, नाहीतर नखं. शिंगाचं टोक फटीत घालायचं, उचकायचं, सुटलेली पट्टी ओढायची. प्रत्येक पट्टीबरोबर हिरव्या रंगाचा पोपडा निघायचा. एक मासा मधून चिरला गेला, दुसऱ्याचं शेपूट गेलं. सगळ्यात घट्ट फट होती ती उजव्या कोपऱ्यातून, बरोबर सहीतून जाणारी. म्हाळूनं शिंग त्या फटीवर आणलं आणि थबकला. रागावलेला होता, पण तिथं त्याचा हात जाईना. युसूफनं त्याच्या हातातून शिंग घेतलं आणि आपणच ओढलं. ‘युसूफ’ निघून आलं, ‘पेंटर’ राहिलं. त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं, आणि तरीही मोकळं वाटलं.

चुलीवर पातेलं चालतं, तव्यालाच तेवढी मनाई. बायडाबाईनं जवसाचं तेल कढवलं, त्यात देवघरातली राळ कुटून टाकली. पोत्यातली लोकर हातानं पिंजून, वळून, तिनं लांब लांब पेळू केले, तेलात भिजवले, आणि युसूफ खुंटीनं एकेक फटीत ठोकत गेला. जोरात नाही, लाकडाला फुगायला जागा राहील एवढंच. कसं ते ती सांगत होती आणि तो ऐकत होता.

“झाली उशी,” मधेच ती म्हणाली. म्हाळूला हसू आलं आणि त्याचा राग तिथंच संपला.

नाव परत पाण्यात गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आता आत कोरडंठाक नव्हतं. चार-सहा ठिकाणांहून पाणी झिरपत होतं. बायडाबाई म्हणाली, असंच असतंय, लाकूड अजून कोरडं आहे, पिऊ दे त्याला. ती तांब्या घेऊन आत बसली. म्हाळूनं शीड उभारलं आणि युसूफकडं बघितलं. तू बस असं तो म्हणाला नाही. गुडघ्यांचा निरोप त्याच्या लक्षात होता आणि चिखलातून पळत आलेले गुडघेही त्यानं पाहिले होते.

युसूफनं चपला काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि आत पाय टाकला.

नाव हलली तशी त्याची बोटं कडेच्या लाकडात रुतली. डोळे त्यानं मिटूनच घेतले. शिडात वारा भरला, नाव एका अंगावर कलली आणि त्याला ती विहीर आठवली, चुलत्याचा चेहरा आठवला. पायाखाली गार पाणी होतं, घोट्याच्या जरा खाली. बायडाबाईच्या तांब्याचा आवाज येत होता. भरून बाहेर, भरून बाहेर. त्यानं डोळे मिटूनच दुसरा तांब्या मागितला आणि तोही उपसायला लागला. हाताला काम लागलं तशी छाती जरा हलकी झाली.

समोरच्या काठावर शिवकन्या पदराखाली लेकरू घेऊन उभी होती, शेजारी तिची सासू. सासूनं नावेतला अनोळखी, मेंदीच्या दाढीचा माणूस बघून विचारलं, मुराळी कोण म्हणायचा यंदा? बायडाबाईनं तांब्यानंच युसूफकडं दाखवलं.

शिवकन्येनं नावेत डोकावलं. तळाला अजून पाणी होतं. तिनं बापाला नाही विचारलं, आईलाही नाही.

“चाचा, बसू का?”

युसूफनं उरलेलं पाणी उपसलं, तळ कपड्यानं पुसला आणि फळ्यांवर तळहात टेकवून बसून राहिला. काही ठिकाणी ओल परत चढली. एका फटीतून, मधल्याच, थेंब येत राहिला.

“अजून न्हाई,” तो म्हणाला. “थांब जरा, बाई.”

सगळे थांबले. सासूनं उकडलेले पुरणाचे दिंड आणले, काठावरच बसून खाल्ले. लेकरू रडलं, प्यालं, झोपलं. युसूफनं दिंड हातात घेतला, पण खाता खाता चार वेळा उठून नावेत हात फिरवून आला. लाकूड पाणी पीत होतं, फुगत होतं, लोकरीला दोन्हीकडून आवळत होतं. शेवटी त्याचा हात कोरडा आला. त्यानं पुन्हा फिरवला, पुन्हा कोरडा.

“आता बस,” तो म्हणाला.

शिवकन्या मागं आईजवळ बसली. युसूफ आडव्या फळीवर बसला नाही. तो खाली, तळाला, बरोबर त्या मधल्या फटीवर मांडी घालून बसला. पाणी आलंच तर लेकराच्या आधी आपल्याला कळावं, एवढाच त्याचा हिशेब. पांढरा पायजमा, पंचमीचा म्हणून नाही, त्याच्याकडं तसलेच होते. वारा पडला होता, शीड सैल झालं होतं, म्हाळू वल्ह्यानं नाव ढकलत होता. सगळी वाट युसूफ डोळे उघडे ठेवून पुढं बघत होता, आणि त्याचं सगळं ध्यान खाली होतं.

वस्तीचा काठ आला. म्हाळूनं लेकीला हात दिला, बायडाबाईनं लेकरू घेतलं. वस्तीवरच्या बाया पायावर पाणी घालायला पुढं आल्या. सगळे उतरले तरी युसूफ तसाच बसलेला. पाय आखडले होते, आणि उठायचं धाडसही होत नव्हतं. अखेर तो नावेच्या कडेला धरून उठला, काठावर उतरला आणि नावेकडं वळून बघायला लागला.

बायडाबाई लेकराला खांद्यावर घेऊन त्याच्या मागं उभी होती. वीस जणांच्या देखत, भावाला सांगावं तसं, तिनं मोठ्यानं सांगितलं.

“पायजमा कोरडा हाय, भाऊ.”

युसूफनं मागं हात नेऊन खात्री केली. मग तो तिथंच चिखलात बसला आणि रडला.